कशावरून साहेब आणि सिग्नलची मोजणी

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या माणसाचं तोंड कधी कशाने पोळल्याचं कुणाला माहीत नव्हतं, तरी तो साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

नगरपालिकेत तो सिग्नलचा इंजिनियर होता. कुठल्या चौकात लाल दिवा किती वेळ, हिरवा किती वेळ, हे ठरवणं त्याचं काम. ऑफिसात सगळे त्याला ‘कशावरून साहेब’ म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. तोंडावर हे म्हणतायत म्हणजे पाठीमागे याहून वाईट काही म्हणत नसतील, असं तो मनाला समजवायचा. मग लगेच मनात यायचं, कशावरून? शिपाई म्हणाला बाहेर ऊन आहे, तर हा उठून खिडकीशी जाऊन बघणार. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट उत्तम आहे, तर हा रिपोर्टवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचणार. ऐन तारुण्यात एकदा लग्न अगदी जमत आलं होतं. मुलगी बिचारी लाजत म्हणाली, "मला तुम्ही आवडलात." हा पठ्ठ्या म्हणाला, "कशावरून?" संपलं. पुन्हा कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही, आणि त्याला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो?

माणूस वाईट नव्हता हो. नोकरीत कुणाच्या पाच पैशांना शिवला नाही. फुकटचा चहासुद्धा प्यायला नाही, कारण चहामागे काय आहे ते कळल्याशिवाय घोट घशाखाली उतरायचा नाही. कामात चोख. पण जगात भरवसा ठेवला तो एकाच माणसावर, आणि ती म्हणजे त्याची ताई.

ताई थोरली. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून घरातला बाप तीच आणि आईही तीच. रस्त्याच्या या बाजूला त्यांचं घर, त्या बाजूला तिचं दुकान. बटणं, झिपा, लेस, अस्तराचं कापड, सुया, दोरे. दुकान केवढं, तर दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहावं. पण त्या बटणांवर घर चाललं, त्या बटणांवर हा इंजिनियर झाला. पुढे ताई दुकानातल्या स्टुलावरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती चार पायांचा वॉकर पुढे टाकत टाकत चालायची. डॉक्टर म्हणाले, आता घरी बसा. ताई म्हणाली, घरी बसून भिंतीला बटणं विकू का?

त्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल नव्हता. पुढे पादचारी पूल होता, पण त्याला जिने, आणि ताईला जिना म्हणजे डोंगर. मग साहेबाने तिथे सिग्नल बसवला. सगळं तेव्हाच्या नियमात बसवून, वरून मंजुरी घेऊन, कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा असा सढळ हाताने दिला, की वॉकर टाकत जाणारी बाई मध्येच एकदा थांबून, श्वास घेऊन, पलीकडे पोचावी. एवढ्या वेळात गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत जायची आणि ड्रायव्हर लोक हॉर्नवर कोपर टेकून बसायचे. हा दिवा कुणाच्या चालीवर बेतलाय हे सगळ्या गावाला कळलं होतं. साहेबाला मात्र वाटे, कुणालाच कळलेलं नाही.

आता संघाचं सांगतो. गावातल्या रस्ते, पूल, सिग्नल, पार्किंग असल्या कामांतल्या इंजिनियरांचा एक संघ होता. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर महिन्याला बैठक. एखादं व्याख्यान व्हायचं, म्हणजे रस्त्यावरचे पांढरे पट्टे पावसात का दिसत नाहीत, असलं काहीतरी. मग चहा-बिस्किटं, आणि मग ‘महिन्याचा महामूर्ख फलक’ ही स्पर्धा. ज्याला जो रस्त्यावरचा वेडगळ फलक दिसला असेल त्याने त्याचा फोटो आणायचा. एकदा ‘डावीकडे वळा’ असा बाण होता आणि डावीकडे पक्की भिंत. हसून हसून मुरकुंडी. कधी सहल निघायची, तीही कुठे, तर शेजारच्या गावात नवा गोल चौक झालाय तो बघायला. पन्नाशीतली माणसं त्या गोलाभोवती फिरत ‘वा, वळण काय सुरेख घेतलंय’ म्हणायची आणि येणारेजाणारे त्यांच्याकडे बघत राहायचे.

साहेब प्रत्येक बैठकीला हजर. दाराजवळची भिंतीला पाठ लागणारी खुर्ची त्याची ठरलेली. महामूर्ख फलकाचं बक्षीस पुलवाल्या बाईंनाच का मिळतं, याचा त्याला दाट संशय होता. पुलवाल्या बाई म्हणजे संघाच्या चिटणीस. आयुष्यभर पूल बांधले, बोलणं पुलासारखंच, सरळ या टोकापासून त्या टोकाला. आणि अध्यक्ष होता साहेबाचा कॉलेजातला सोबती. एका बाकावर बसलेले, एका खोलीत राहिलेले. पुढे साहेब नगरपालिकेत गेला आणि अध्यक्षाने स्वतःचं सल्लागाराचं ऑफिस काढलं. मोठी गाडी आली, इस्त्रीचे शर्ट आले. तरी साहेबाला बघितलं की लांबून हाक मारायचा, "अरे ये रे, जागा धरलीय तुझी!" साहेब बसायचा आणि मनात म्हणायचा, याला माझ्याकडून हवंय काय?

संघाची एक जुनी चाल होती. वर्षातून एकदा गावातला एक रस्ता निवडायचा, सभासदांनी स्वतः फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसायचं आणि हातातल्या छोट्या यंत्राचं बटण टिकटिक दाबत दिवसभर गाड्या आणि माणसं मोजायची. भाडोत्री मोजणारे आणायचे नाहीत. मग नगरपालिकेला फुकट सल्ला द्यायचा, आणि नगरपालिका तो मुकाट्याने ऐकायची. या चालीत एक नियम होता. ज्याचं काम तपासायचं, त्याने मोजायला बसायचं नाही आणि चर्चेलाही थांबायचं नाही. हा नियम कुणी आणला होता माहीत आहे? आपल्या साहेबाने. बाकीचे स्वतःच्या कामाचे आकडे गोड करतात असं त्याला वाटायचं, म्हणून हट्टाने ठराव करून घेतला होता.

त्या वर्षी ड्रायव्हर लोकांची तक्रार नगरपालिकेत गेली आणि नगरपालिकेने ती संघाकडे पाठवली. ताईच्या दुकानासमोरचा सिग्नल हवा की नको? नियम सरळ होता. ठरलेल्या संख्येइतकी माणसं तिथून रस्ता ओलांडत असतील तर सिग्नल राहील, नाहीतर काढून टाकायचा.

साहेबाने मनात हिशेब मांडला. सिग्नल गेला की ताईचं दुकान गेलं. आणि दुकान गेलं की ताई काय, भिंतीकडे बघत बसणार?

"मी काय म्हणतो," तो बैठकीत उठला.

"अरे, तुला बाहेर थांबावं लागेल," अध्यक्ष हसत म्हणाला. "नियम तुझाच आहे बाबा."

तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. दार बंद झालं. आतून आधी कुजबुज, मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे खो खो हसले. झालं! त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. सिग्नल काढायच्या गोष्टीत हसण्यासारखं काय आहे?

त्यात भर पडली फर्निचरच्या शोरूमची. साहेबाच्या घराच्याच बाजूला, चार दारं सोडून, नवं शोरूम व्हायचं होतं आणि मालकाला दारासमोर गाड्यांची रांग नको होती. एके दिवशी साहेब ऑफिसातून परत येत होता, तर कोपऱ्यावरच्या हॉटेलात अध्यक्ष आणि शोरूमवाला चहा पीत बसलेले. अध्यक्ष हात जोडून काहीतरी सांगतोय, शोरूमवाला मान हलवतोय. साहेबाला बघितल्यावर अध्यक्ष गप्प झाला आणि मग जरा जास्तच जोरात म्हणाला, "अरे, ये की चहाला!"

"नको. ऊन आहे," साहेब म्हणाला आणि चालू लागला.

घरी येऊन त्याने ताईला सांगितलं, "पाणी मुरतंय. अध्यक्ष शोरूमवाल्याला विकला गेलाय."

"कोण, तुझा खोलीवाला?" ताई लेस गुंडाळत होती. "माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रात्र काढली त्याने. तुला झोप लागली होती, तो जागा होता."

"तेव्हा का जागा होता, तेही मला कळलेलं नाही."

"अरे देवा," ताई म्हणाली. "तुझ्या डोक्यात कुठला किडा आहे तो एकदा काढून दाखव मला. बटणाच्या डबीत ठेवते."

मोजणीच्या दिवशी साहेबाने रजा टाकली. मोजायला बसायची बंदी होती, पण मोजणाऱ्यांवर नजर ठेवायची बंदी कुठे होती? सकाळीच तो उन्हाची टोपी डोळ्यांवर ओढून वर्तमानपत्राच्या टपरीआड उभा राहिला. या बाजूच्या खुर्चीत पुलवाल्या बाई होत्या, त्या बाजूला अध्यक्ष. दोघांच्या हातांत यंत्रं.

पहिली अडचण बसने केली. रस्त्याच्या मधोमध बस उभी राहिली की पलीकडचा अध्यक्ष दिसेना. दिसत नाही म्हणजे हा नक्की तेव्हाच हात आखडता घेत असणार! मग सिग्नल लागताच साहेब पलीकडे गेला आणि अध्यक्षाच्या मागे दिव्याच्या खांबाला टेकला. अध्यक्षाचा अंगठा नीट चालला होता. पण आता पुलवाल्या बाई दिसेनात. त्या सरळ आहेत म्हणतात, पण सरळ माणूसच सगळ्यात आधी वाकतो. पुन्हा सिग्नल, पुन्हा अलीकडे. अलीकडे आला की अध्यक्षाची काळजी, पलीकडे गेला की बाईंची. असं करत करत सकाळ सरली.

मग त्याला वाटलं, आपण ओळखू येऊ. घरी जाऊन तो कानटोपी घालून आला. भर उन्हात! घामाने निथळत त्याने आणखी फेऱ्या मारल्या. दुपारी तेही धोक्याचं वाटायला लागलं, तेव्हा ऑफिसचं पिवळं हेल्मेट आणि चकाकतं जाकीट चढवलं, कारण त्या वेषातल्या माणसाकडे रस्त्यावर कुणी ढुंकूनही बघत नाही, हे त्याला नोकरीत कळलं होतं. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडले. पण दोघांनीही एकही माणूस सोडला नव्हता. टिक म्हणजे टिक. साहेबाला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झाला.

निकालाची बैठक खुली होती. त्या रस्त्यावरचे दुकानदार आले होते, टॅक्सीवाले आले होते, शोरूमवालाही होता. ताई शेवटच्या रांगेत वॉकर पुढ्यात घेऊन बसली होती. अध्यक्षाने तिला लिफ्टपाशी उतरवून घेऊन स्वतः खुर्ची दिली होती. निकाल सर्वांसमोर सांगायचा, त्यामुळे साहेबालाही आत बसायला मुभा होती. आता हे काय काय खेळ करतात बघू, असं मनात म्हणत तो भिंतीला पाठ लावून बसला.

पुलवाल्या बाई उठल्या. नेहमी खणखणीत बोलणारी बाई, आज खाली बघून बोलत होती. "मोजणी पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. "सिग्नल ठेवायला जेवढी माणसं लागतात, त्याच्या जेमतेम वर आकडा आला आहे. संघाची शिफारस अशी, की सिग्नल राहावा."

टॅक्सीवाले कुरकुरले. मागून ताईचा ‘हुश्श’ ऐकू आला. साहेबाला तर उठून नाचावंसं वाटलं. राहिला! दुकान राहिलं!

आणि तेवढ्यात त्याच्या आतला इंजिनियर जागा झाला. भिंतीवरच्या पडद्यावर तासातासाचे उभे पट्टे दाखवले होते. सकाळी ऑफिसची वेळ, उंच पट्टा. संध्याकाळी उंच पट्टा. ठीक. पण सकाळ उलटून गेल्यावर आणि भर दुपारी एवढी माणसं कुठून आली? त्या वेळेला त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? कोण एवढं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे...

तो स्वतःच होता.

जन्मभर दुसऱ्यांनी आकडे फुगवले असं म्हणणारा माणूस, आणि गावातला सगळ्यात फुगलेला आकडा त्याच्याच पायांनी वाढवलेला. त्याने मागे वळून बघितलं. ताई पदराने डोळे टिपत होती. गप्प बसलं की काम फत्ते. कुणाला कळणार आहे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. अध्यक्ष घाईघाईने म्हणाला, "तर मग कुणाची हरकत नसेल तर—"

"माझी आहे," साहेब उठला. "त्या आकड्यात मी आहे. म्हणजे, बराचसा मीच आहे. मी दिवसभर रस्ता ओलांडत होतो. मला वजा करा."

अध्यक्षाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. तो नुसता मान हलवत, हाताने खाली बसायची खूण करत म्हणाला, "असू दे रे. होतं असं. बस खाली."

तिथेच बसला असता तर! पण सवय कुठे जाते?

"होतं असं म्हणजे?" तो म्हणाला. "तुला माहीत होतं?"

"अरे, नंतर बोलू."

"नंतर का? आत्ता का नाही? मी होतो हे तुला माहीत होतं, कशावरून?"

"बस म्हणतो ना मी," अध्यक्ष जवळजवळ विनवत होता.

साहेब बसला नाही. त्याने पुलवाल्या बाईंकडे बोट केलं. "बाई, तुम्ही सांगा."

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, हीच अडचण. त्यांनी चष्मा काढला. "तुमची चाल आंधळ्यालाही ओळखू येईल हो," त्या म्हणाल्या. "टोपी घातली काय नि हेल्मेट घातलं काय. तुम्ही वेष बदलबदलून इकडून तिकडे जायला लागलात, तेव्हा आम्हाला वाटलं, तुम्ही आकडा वाढवताय. ताईंसाठी. मी म्हटलं, यांना धरायचं नाही. तर अध्यक्ष म्हणाले, या माणसाने इतक्या वर्षांत आपल्याकडे काही मागितलेलं नाही. आज असं का होईना, मागतोय. मोजा." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मग आम्ही मोजलं. सगळ्या कार्यकारिणीला माहीत होतं. चूक झाली."

"मी आकडा वाढवत नव्हतो," साहेब म्हणाला.

"मग काय करत होतात?"

आता काय सांगणार? पण तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. "तुमच्यावर नजर ठेवत होतो," तो म्हणाला. "अध्यक्षांनी शोरूमवाल्याशी संगनमत केलंय असं मला वाटलं होतं. चहा पिताना बघितलं मी."

शोरूमवाला आता पहिल्यांदाच उठला. "संगनमत? अहो, ते माझ्याकडे जागा मागत होते! सिग्नल गेलाच तर यांच्या बहिणीला दुकानासाठी माझ्या दारातला एक गाळा द्या म्हणून हात जोडत होते. मी हो म्हटलं होतं."

टॅक्सीवाल्यांना काय, कोलीतच मिळालं. "म्हणजे आकडे खोटे!" एक ओरडला. "सगळे सामील!" दुसरा ओरडला. अध्यक्ष उठला. त्याने आरडाओरडा थांबायची वाट बघितली, आणि सर्वांसमोर सांगितलं की आकडा चुकीचा आहे, जबाबदारी माझी आहे, मी पद सोडतो. एकदाही त्याने साहेबाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या गावच्या संघाची माणसं येऊन पुन्हा मोजून गेली. आकडा कमी भरला. सिग्नल बंद करून त्याला पोतं बांधायचा हुकूम साहेबाच्याच सहीने निघाला, आणि त्याच्याच ऑफिसची माणसं शिडी लावून पोतं बांधून गेली. अध्यक्षाच्या ऑफिसकडची दोन सरकारी कामं परत गेली असं कानावर आलं. आकडे फुगवणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं; आता कशावरून, असं कोण विचारणार?

ताई दुकान आवरत होती. साहेब खोकी बांधत होता. शोरूमवाल्याचा निरोप आला होता, गाळा अजून रिकामा आहे, यायचं तर या. साहेबाने भीतभीत विचारलं, "ताई, घ्यायचा का?"

"कुणाच्या शब्दावर मिळालेला गाळा तो?" ताई म्हणाली. "ज्याला तू भर सभेत चोर ठरवलंस त्याच्या. मी तिथे बसून बटणं विकू? कुठल्या तोंडाने?"

"मी खरं तेच बोललो."

"खरं बोललास त्याबद्दल मी तुला काही म्हणतेय का? मला वजा करा म्हणालास, तेव्हा छाती भरून आली माझी. म्हटलं, शिकवलं ते वाया नाही गेलं. दुकान गेलं तर गेलं. पण मेल्या, तू तिथे थांबला नाहीस. तो बस बस म्हणत होता. तुला झाकत होता तो! आणि तू त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलंस, का, तर तुला कळायला हवं होतं." तिने खोक्याची दोरी त्याच्या हातातून ओढून घेतली. "एवढी माणसं तुझ्यासाठी खोटं बोलायला उभी राहिली, आणि तू कानटोपी घालून त्यांच्यावर पाळत ठेवत होतास. मला लाज वाटली रे. जा, त्याच्याकडे जा. खोकी मी बांधते."

तो गेला. अध्यक्षाचं घर त्याला ठाऊक होतं, पण बोलावल्याशिवाय तो कधी गेला नव्हता, आणि बोलावल्यावर तर नाहीच. फाटकाला कडी नव्हती. व्हरांड्यात ओल्या कपड्यांची दोरी, कोपऱ्यात संघाच्या घडीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. त्याने बेल दाबली.

दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून अध्यक्षाचा चेहरा दिसला. शर्टाला इस्त्री नव्हती. तो आधी साहेबाच्या हातांकडे बघत राहिला, काही कागद आणलाय का म्हणून, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे, आणखी कोण बरोबर आहे का म्हणून.

"काय काम होतं आपलं?" अध्यक्षाने विचारलं.

साहेबाला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्याने उभ्या आयुष्यात ‘अरे’शिवाय हाक मारली नाही, तो ‘आपलं’ म्हणत होता.

"काही काम नाही," तो म्हणाला. "सहज आलो."

"सहज," अध्यक्ष म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता. कपाळाला आठी, डोळे बारीक, आणि समोरचा बोलतोय त्याच्या मागे काय आहे ते शोधणारी नजर. ही नजर साहेबाने आजवर आतून वापरली होती, समोरून कधी बघितली नव्हती. माणूस दारात उभा असताना ती अंगावर येते तेव्हा कसं वाटतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "मी तुला ओळखलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसलास आणि मी तुला ओळखलं नाही रे."

"बरं," अध्यक्ष म्हणाला. "ऐकलं. सांभाळून जा."

आतून त्याच्या बायकोने विचारलं, "कोण आलंय हो?"

"कोणी नाही," अध्यक्षाचा आवाज आला. "संघातले एक आहेत."

दार लागलं. साहेब फाटकापर्यंत गेला, तिथून परत आला, आणि दाराच्या अगदी जवळ तोंड नेऊन, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता म्हणाला, "अरे, मी आहे. मी. उघड ना."